सुटायचं तर दोन्हीकडून

पुणे, रविवार

प्रिय मनू,

तुझा नवरा म्हणतो, न्यू जर्सीच्या कोर्टाचा कागद हातात आला की विषय संपला. तिथे संपेल गं. इथे संपेलच असं नाही.

तुमचं लग्न लागलं साताऱ्यात, हिंदू विवाह कायद्याखाली. न्यू जर्सीत सहा महिने पटत नाही आणि पुढेही पटेलसं दिसत नाही, एवढं कारण पुरतं. आपल्या कायद्यात नुसतं न पटणं हे कारणच नाही. नरसिंह राव नावाच्या एका नवऱ्याचा १९९१चा खटला आम्हा वकिलांना पाठ असतो. लग्न तिरुपतीचं, घटस्फोट मिसूरीचा. ९० दिवस तिथे राहिल्याचं दाखवून नवऱ्याने मिळवलेला. बायकोने इथूनच हरकत नोंदवून उत्तर पाठवलं होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. नवऱ्याने तोवर दुसरं लग्नही उरकलेलं!

तेव्हा समन्स आलं तर ड्रॉवरमध्ये टाकून बसू नकोस. एकतर्फी निकाल लागला तर पैशाचे निर्णय तुझ्यावाचून होतील आणि इथे तू त्याची बायकोच राहशील. तुलाही सुटायचं असेल, तर तुझी संमती तिथल्या कोर्टाच्या कागदावर स्पष्ट येऊ दे. मग इथेही तो निकाल टिकायला आधार मिळतो. आणि वकील तुझा स्वतःचा हवा.

इथेही संमतीने अर्ज करता येतोच. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढची सहा महिन्यांची मुदत २०१७ पासून कोर्ट माफ करू शकतं. पण सासरे 'इथेच करू, स्वस्तात होईल' म्हणाले, तर कुणाला स्वस्त ते विचार. लग्नानंतर घेतलेलं घर त्याच्या एकट्याच्या नावावर असलं, तरी न्यू जर्सीचं कोर्ट त्याची न्याय्य वाटणी करतं. आपल्याकडे तशी वाटणी नाही; पोटगीवरच भांडायचं. फॅमिली कोर्टाचे जिने चढून माझे गुडघे गेले, उगाच नाही सांगत.

तुझा एच-फोर, म्हणजे बायको म्हणून मिळालेला व्हिसा, त्याच्या व्हिसावर टांगलेला आहे. अर्ज केल्याने तो जात नाही, अंतिम निकालाने जातो. सह्या करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट.

तुझ्या आईला मी काही बोलले नाहीये. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही, म्हणून आधी तूच फोन कर. आपल्याकडे रात्र असताना मात्र नको. मग ती झोपत नाही.

तुझी,
मावशी