कर्णाचा अधिकार

त्रिकोणाच्या तीन भुजा एकदा मुक्रर झाल्या की त्याला दुसरे रूप उरत नाही. चौकोनाचे तसे नाही. चार सारख्या काठ्या टोकांशी खिळ्यांनी जोडून केलेला चौरस बोटाने किंचित रेटला तरी कलतो, आणि एकाही भुजेची लांबी तिळमात्र घटलेली नसताना आतले क्षेत्र मात्र आटू लागते. भुजांना परिमितीपलीकडे काही ठाऊक नसते. आकृतीविषयी ग्वाही देण्याचा अधिकार कर्णाचा.

हे मर्म भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त मोठ्या आवेशाने मांडले. लंब अथवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर देऊ धजणाऱ्याला त्याहूनही मोठे. एरवी लडिवाळ संबोधनांनी उदाहरणे घालणाऱ्या या ग्रंथकाराचा स्वर येथे कठोर होतो, आणि तो कठोरपणा मला वंदनीय वाटतो, कारण तो सत्याच्या काळजीतून आलेला आहे. प्रत्येक भुजा २५ असलेला चौकोन ते घेतात: कर्ण ३० व ४० असतील तर क्षेत्रफळ ६००, १४ व ४८ असतील तर अवघे ३३६, आणि दोन्ही कर्ण समान असतील तर ६२५.

त्यापूर्वी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी समोरासमोरच्या भुजांच्या सरासरींचा गुणाकार हे स्थूल फळ म्हणून सांगितले, आणि अर्धपरिमितीतून एकेक भुजा वजा करून येणाऱ्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हे सूक्ष्म फळ म्हणून. हे सूक्ष्म फळ वरील तिन्ही चौकोनांना ६२५ च देते, कारण ते चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असणाऱ्या चक्रीय चौकोनालाच लागू पडते. परंतु त्याच चार भुजांत सामावू शकणारे महत्तम क्षेत्रही तेच, म्हणून त्या सूत्राचे सौंदर्य यत्किंचितही उणे होत नाही.

कर्ण परस्परांना दुभागतात तेथे समांतरभुज चौकोन, दुभागून समान असतात तेथे आयत, दुभागून काटकोनात छेदतात तेथे समभुज चौकोन, आणि हे तिन्ही गुण एकत्र नांदतात तेथे चौरस. एकानेच दुसऱ्याला काटकोनात दुभागले तर पतंग. सुतार दाराची चौकट गुण्यात आली की नाही हे पाहताना चारही बाजू मापून थांबत नाही, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही मापे घेतो. आणि साखळीने जमिनीची मोजणी करणाराही केवळ बांधांच्या लांबीवर क्षेत्राची नोंद न करता आडव्या रेषेने शेताचे त्रिकोण पाडतो, यात तीच जाण आहे.

व्हॅरिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या मृत्यूनंतर १७३१ साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत मला याहूनही मोहक वाटतो. चौकोन कितीही वेडावाकडा, बांध सरकून सरकून विरूप झालेल्या शेतासारखा असो, त्याच्या भुजांचे मध्यबिंदू क्रमाने जोडा: समांतरभुज चौकोनच मिळेल. कारण त्याची प्रत्येक भुजा मूळच्या एकेका कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मी असते. त्याचे क्षेत्रफळही मूळ चौकोनाच्या नेमके अर्धे भरते.