हवेची पिनगन आणि घरचें सुतारकाम

संसारांत नवें उपकरण घेण्याचा प्रसंग वारंवार येतो. परंतु कोणतें उपकरण उत्तम, या चर्चेंत आपण इतके गढून जातों कीं, त्याच्याकडून नेमकें कोणतें काम करून घ्यावयाचें, हा पहिला प्रश्न मागें पडतो. आमच्या कुळगांवच्या घरीं यंदा हा विषय एका अपरिचित वस्तूच्या निमित्तानें निघाला. आमच्या धाकट्या बंधूंच्या सूनबाईंस सुतारकामाची गोडी आहे. पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी असें बरेंच काम त्यांच्या हातून झालें; तें पाहून शेजारच्या चार बिऱ्हाडांनीं आपापल्या जेवणाच्या टेबलाच्या सहा-सहा खुर्च्यांच्या बैठका नव्यानें मढवून मागितल्या. त्यासाठीं हवेच्या दाबावर चालणारें स्टेपलर यंत्र हवें, असें सूनबाईंचें म्हणणें. आणि शिलकेंतले दहा हजार रुपये असल्या वस्तूंत कां घालावे, असें वडील मंडळींचें म्हणणें. निवाडा आमच्याकडे सोंपविण्यांत आला.

प्रथम एका आक्षेपाचा परामर्श घेणें प्राप्त आहे. ‘हें आपलें काम नव्हे’ असा एक सूर घरांत निघालाच. ज्यांचा असा समज आहे, त्यांनीं ऋग्वेदांतील ऋभूंचें स्मरण करावें. हे तिघे बंधु हातच्या कौशल्यानें देवत्वास पोंचले. त्यांनीं अश्विनांचा रथ घडविला आणि आपल्या वृद्ध मातापित्यांस पुनः तारुण्य दिलें. ‘सुतार’ हा शब्दहि ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आला. ज्याच्या हातीं मापाचें सूत्र, तो सुतार. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर जी मूलोद्योग शिक्षणाची योजना आंखली गेली, तींत सूतकताईबरोबर सुतारकामासहि स्थान होतें. तेव्हां आक्षेप प्रतिष्ठेचा नसावा. खर्चाचा असेल तर तो रास्त आहे.

आतां यंत्राविषयीं. याच्या पोटांत एक दट्ट्या असतो. घोडा ओढतांच दाबलेली हवा त्या दट्ट्यास खालीं रेटते, आणि त्याच्या टोंकाची पोलादी पट्टी एकच पिन पट्टींतून तोडून लांकडांत ठोंकते. त्यास साधारणतः चार ते सात बार दाब लागतो. मोटारीच्या चाकांत तो सवादोन बारच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. हा दाब कंप्रेसर पुरवितो; आणि खर्चाचें मर्म येथेंच आहे. आम्हांस जे भाव सांगण्यांत आले, त्यांत यंत्र दोन हजारांच्या आंत होतें, कंप्रेसर मात्र त्याच्या चौपट. जो केवळ यंत्राची किंमत विचारून घरीं येतो, त्याचा हिशेब अर्धाहि झालेला नसतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठीं आम्ही सूनबाईंस घेऊन उल्हासनगरास गेलों. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं कल्याणच्या लष्करी छावणींत जी वसाहत उभारली, तिला १९४९ सालीं हें नांव मिळालें. तेथील फर्निचर बाजारांत सोफे मढविणारे कारागीर दिवसभर हेंच यंत्र चालवितात. त्यांतील एका वयोवृद्ध कारागिरानें सांगितलें, ‘मास्तर, आधीं पिन निवडा, मग गन.’ आमच्या मतें या एका वाक्यांत सर्व शास्त्र आलें.

कारण, प्रत्येक यंत्र आपल्याच मापाची पिन घेतें. ८० क्रमांकाची पिन सुमारें तेरा मिलिमीटर रुंद, बारीक तारेची व सोळा मिलिमीटरपर्यंत पायांची. ती कापड व रेक्झिन यांसाठीं. ९० क्रमांकाची पिन अरुंद, जाड व चाळीस मिलिमीटरपर्यंत लांब. ती लांकडाच्या चौकटींसाठीं. एफ ३० या नांवाचें यंत्र तर पिन न मारतां बारीक एकेरी खिळे मारतें. बैठकीचें प्लायवूड बारा मिलिमीटरांचें असेल, तर दहा मिलिमीटरांची पिन पुरे. ती दुसऱ्या बाजूनें बाहेर डोकावत नाहीं. शिवाय ज्या यंत्राच्या पिना व रबरी कड्या गांवच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात, तेंच खरें स्वस्त.

मग मांडणी व चौरंग यांसाठीं दुसरें यंत्र घ्यावें काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. लांकडाच्या सांध्यांत पिन ही खळ वाळेपर्यंत फळ्या धरून ठेवते. पुढें वर्षानुवर्षें भार वाहतो तो सांधा आणि फेव्हिकॉल. तें धरण्याचें काम दोन शिकंजेहि करतात. बैठकीची गोष्ट निराळी. एका बैठकीचा घेर १८० सेंटीमीटर. दर अडीच सेंटीमीटरांस एक पिन धरिली, तरी बहात्तर पिना. चोवीस खुर्च्यांस १,७२८. हाताच्या स्टेपलरनें इतक्या पिना मारणाऱ्या मनगटाची दया आली पाहिजे.

म्हणून ८० क्रमांकाचें एकच यंत्र व एक अश्वशक्तीचा लहान कंप्रेसर घ्यावा, असा निवाडा आम्हीं दिला. पिन मारण्यास हवेचा एक झोत पुरतो; रंगाच्या फवाऱ्यासारखी अखंड हवा लागत नाहीं, त्यामुळें मोठी टांकी अनावश्यक. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. परंतु आरंभीं मोटर कित्येक पट प्रवाह ओढते, यास्तव सोळा अँपियरचीच जोडणी हवी. आमच्याकडे उल्हास नदीच्या कांठीं पावसाळ्यांत हवा दमट असते. ती दाबली कीं टांकींत पाणी सांठतें, तें रोज काम संपतांच तळच्या तोटीनें सोडावें. डोळ्यांस चष्मा हवा, आणि अडकलेली पिन काढण्यापूर्वीं हवेची नळी सोडविलीच पाहिजे. कंप्रेसरचे पैसे वांचविण्यासाठीं ऑक्सिजनचें नळकांडें जोडण्याची युक्ति कोणी सांगेल, तर ती ऐकूं नये. तेलाशीं गांठ पडतांच त्याचा स्फोट होतो.

राहिला पैशाचा प्रश्न. ही रक्कम घरखर्चाच्या वहींत न लिहितां सूनबाईंच्या नांवें भांडवल म्हणून निराळी लिहावी, आणि मजुरींतून ती फिटली कीं पुढील मिळकत त्यांचीच समजावी, असें आम्हीं सुचविलें. वडील मंडळींनीं बरेच आढेवेढे घेतले. पण वहीचें नवें पान उघडलें आहे, आणि पहिल्या सहा बैठकांची मजुरी जमेच्या बाजूस पडली आहे.