गंधार गळ्याकडे

श्रीपुरात मी बेस गिटार घेऊन एकटाच गातो. शब्द माझे, चाल माझी, साथीला चार जाड तारा. पेटी नाही, तबला नाही, मागे कोरस नाही. पहिल्यांदा ऐकायला आलेला माणूस हमखास विचारतो, "बाकीची मंडळी कधी यायची?" आमच्या भागात बेस म्हटलं की मिरवणुकीतला डॉल्बी आठवतो, छातीवर आदळणारा. तोच खर्ज हलक्या बोटानं छेडला तर त्यावर अख्खं गाणं उभं राहतं, हे सांगून पटत नाही. ऐकवावंच लागतं.

बेसच्या मोकळ्या तारा जाडीकडून मोजल्या तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. माझा गळा पांढरी दोनला खुलतो. म्हणून सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर उतरवून मी पांढरी दोनवर आणतो. 41 हर्ट्झची तार 37च्या आत येते. आता खालून वर मोकळ्या तारा छेडल्या की सा, प, सा, म. तंबोऱ्याचे सूर हाताशी आले, वर मध्यमही मिळाला. रॉकवाले याला 'ड्रॉप डी' म्हणतात आणि दणदणाटासाठी वापरतात. मी अंगठ्यानं खालचा षड्ज सोडतो, तो घुमत असतानाच तर्जनीनं पंचम, आणि डावा हात जवळजवळ स्वस्थ असतो.

या स्वस्थ हातातच माझ्या कामाचं सगळं मर्म आहे. पेटीवर किंवा साध्या गिटारवर कॉर्ड धरला की तीन-चार सूर एकदम वाजतात आणि गंधार शुद्ध की कोमल याचा निकाल गायच्या आधीच लागतो. गळ्यानं मुकाट त्यामागे जायचं. बेसवर मी षड्ज-पंचमच ठेवतो. तिसरा सूर त्या खोलीत मिसळला तर सगळं गढूळ होतं, त्यामुळे वाद्यच तुम्हाला आवर घालतं. मग गंधार राहतो गळ्याकडे. एकाच कडव्याची पहिली ओळ शुद्ध गंधारावर ठेवावी, दुसरी कोमलावर उतरवावी, खालची तार तशीच चालू असावी. त्याच शब्दांचा अर्थ पालटतो. एकट्यानं गाण्याचं सगळ्यात मोठं सुख मला इथं मिळतं.

लिओ फेंडरनं 1951 साली कॅलिफोर्नियात पडदे असलेला विजेचा बेस बाजारात आणला, तो वाद्यवृंदात खालचा सूर नेमका लागावा आणि ऐकूही जावा म्हणून. पॉल मॅकार्टनी, स्टिंग हे बेस वाजवत गायले, पण पाठीशी बँड होता. 2011 साली नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळवणारी एस्परान्झा स्पाल्डिंग लाकडी डबल बेस घेऊन एकटीही गाते. ते ऐकून बळ येतं. पण माझ्या गाण्याची खरी वंशावळ घराजवळची आहे.

आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जात्यावर बसून स्वतः रचलेलं गात आल्या. शब्द त्यांचे, गळा त्यांचा आणि खाली दगडाची घरघर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जात्यासकट ध्वनिमुद्रित झालेली एखादी ओवी मिळाली तर एकदा फक्त जातं ऐका. खुंटा ओढताना घरघर भरते, फेरा सुटताना ती सैलावते, आणि गाणारीचा श्वास त्या फेऱ्याशी बांधलेला असतो. दगड तिला कुठलाच गंधार देत नाही. कवयित्री, गायिका आणि साथीदार अशी तिहेरी कामं करणाऱ्या या बायकांना आपण गीतकार-गायिका म्हणून मान दिला नाही, याची मला खंत वाटते.

वीणेकऱ्याकडूनही घेण्यासारखं आहे. आषाढात तुकोबांची पालखी माळीनगरहून बोरगावच्या मुक्कामाला आमच्याच बाजूनं जाते. अभंग बदलतात, चाली बदलतात, गळ्यातल्या वीण्याची तार तेवढी तशीच वाजत राहते. सप्ताहात तर वीणा खाली ठेवत नाहीत, पहारे बदलतात. ती तार कुणाचं लक्ष वेधून घेत नाही, तरी सगळे तिच्याच सुरात असतात.

हात आणि गळा वेगळे चालवणं मात्र रियाजाशिवाय येत नाही. हात केरव्यात सरळ चालतो, शब्द समेनंतर अर्ध्या मात्रेनं उठतो. मी आधी चाल बाजूला ठेवून नुसते शब्द बोलतो, खाली तार चालू. गाळप हंगामावरच्या माझ्या गाण्यात एक ओळ आहे: 'भोंगा वाजला, पालात चूल पेटली'. आधी प्रत्येक शब्दाखाली बेस होता आणि ओळ पळत होती. आता फक्त 'भोंगा' आणि 'चूल' या दोनच जागी तार वाजते, मधे काही नाही. कारखान्याच्या भोंग्याबरोबर उठणारी ऊसतोड कामगाराची बायको त्या मोकळ्या जागेत दिसू लागते. मराठी शब्दाला असा मोकळा वेळ दिला तर तो फार काम करतो.

गावच्या कार्यक्रमात आधी अर्थिंग बघावं. ते धड नसेल तर ॲम्प्लिफायर गुणगुणतो, विजेच्या 50 हर्ट्झवर आणि तिच्या दुपटीवर, म्हणजे 100वर. माझी मोकळी पांढरी पाच 98ची. दोन्ही एकत्र घुमले की सेकंदाला दोन हेलकावे येतात आणि मध्यम डळमळतो. अशा वेळी मी त्या रात्रीपुरता मध्यमावर मुक्काम करत नाही. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनाही सांगतो, बाबांनो, त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज येत नाही, पुढे येऊन बसा.

अकलूज, पंढरपूर, टेंभुर्णी भागात ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारी बरीच पोरं आहेत. रात्रभर मागच्या रांगेत उभं राहून ती दुसऱ्यांची गाणी सावरतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जाड तार एक स्वर उतरवा, षड्ज-पंचम धरा आणि आपल्या गावावर, आपल्या माणसांवर चार ओळी रचून स्वतः गा. पहिली ओळ जमली की श्रीपूरला या. ॲम्प्लिफायर माझा वापरा, ऐकायला मी समोर बसतो.