मूठभर तूर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा-वीस दिवस थोरल्याकडं पुण्याला, हडपसरला राहिलो होतो. पट्टी निघाल्यावर घरात बसवेना. एक दिवस सूनबाई म्हणाली, "अण्णा, खालच्या सुपरमार्केटातनं किलोभर तूरडाळ आणता का? छकुलीला संगं न्या, तिला सगळं माहीत आहे." मग सहा वर्षांची नात पुढं आणि मी मागं, असे निघालो.

काचेचं दार, आत गारवा. दारातच वॉचमननं माझ्या कापडी पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून टाकलं. माळव्यात शिरलेल्या चोराची झडती घ्यावी तसं वाटलं मला. पण तो सगळ्यांच्याच पिशव्या आवळत होता, म्हणून गप बसलो. आत कुणी हाक मारत नव्हतं, कुणी भाव करत नव्हतं. साबण, बिस्किटं, ज्वारीचं पीठसुद्धा पुड्यात. एका बाजूला सुट्ट्या डाळी पारदर्शक डब्यांत भरलेल्या. तूरडाळीवर पाटी होती, 168 रुपये किलो.

आता डाळ काय नुसती बघून घ्यायची असते? मी चार दाणे उचलले आणि दाताखाली धरले. कडकन तुटला तर दाणा वाळलेला, दबला तर ओल. तेवढ्यात दुकानाचा शर्ट घातलेलं एक पोरगं धावत आलं. "ओ काका, खायचं नसतं इथं. वर कॅमेरा आहे."

नात माझ्या तोंडाकडं बघायला लागली. तोंडातले दाणे गिळावेत का थुंकावेत, मला कळेना.

पोराचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मालकाच्या मालाची राखण करत होतं ते. पण मला फेब्रुवारीतला आडतबाजार आठवला. अकरा क्विंटल तूर नेली होती. व्यापारी आला, त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर काढली, तळहातावर फिरवली, चार दाणे तोंडात टाकले, बाकीची खाली सांडली. त्याच्या मागं दुसरा, मग तिसरा. जाता-येता ज्याला वाटेल त्यानं मूठ भरली. शेवटी "ओल आहे" म्हणून 7100 रुपये क्विंटल लावले. त्या हंगामात हमीभाव 7550 होता, पण केंद्रावर नंबर लागंस्तवर थांबायची माझी ऐपत नव्हती. ऑपरेशनचे पैसे उभे करायचे होते. पायाखाली सांडलेली तूर मी वाकून गोळा केली. "खायचं नसतं इथं" असं त्या दिवशी मला कुणाला म्हणता आलं नाही.

तिथंच उभ्या-उभ्या हिशेब केला. शंभर किलो तुरीची सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ निघते. म्हणजे माझ्या तुरीची डाळ किलोला शंभराच्या आत-बाहेर पडली. वर मिलवाल्याची मजुरी, गाडीभाडं, ह्या दुकानाचं भाडं, लाईट, त्या पोराचा पगार. सगळे काही लुबाडूनच खातात असं नाही. पण हिशेब संपल्यावर भलतंच काही टोचायला लागलं.

आमच्या घरात डाळ कधी विकत आणली नव्हती. टेम्पो भरायच्या आधी कारभारीण दोन पोती बाजूला ओढायची. "आधी घरचं, मग बाजारचं." तूर रात्रभर भिजत घालायची, लाल माती चोळून उन्हात वाळवायची, माती झाडून जात्यावर भरडायची, सुपानं पाखडायची. चुणी म्हशीला. भरडून हाताला फोड आले तरी तिनं कधी एक वर्ष सोडलं नाही. ती जाऊन दोन वर्षं झालेली. आता डाळ करणार कोण आणि खाणार कोण, असं म्हणून मी त्या फेब्रुवारीत पोतं न् पोतं टेम्पोत घातलं. ती दोन पोती कुणी हिसकावून नेली नव्हती. मीच नेऊन दिली होती.

किलोभर डाळ घेतली, पैसे दिले. जिन्यात नातीनं विचारलं, "आजोबा, ही आपल्या शेतातली आहे?"

"असंल," म्हणलं. दुसरं काय सांगणार?

पुढच्या सालच्या राशीला दोन पोती बाजूला ओढली. जातं ओढायची ताकद माझ्यात नाही. शेजारच्या गावात बचतगटाच्या बायकांनी मिनी डाळमिल टाकली आहे, तिथनं करून आणली. चुणी गाईला घातली. हिच्या हातच्या डाळीची चव तिला नाही, पण डाळ घरची आहे. दहा किलो पुण्याला पाठवली.

रात्री नातीचा फोन आला. "आजोबा, ऐका." आणि तिनं फोन तोंडाजवळ धरून दाणा फोडला.

कडकन वाजला.