तोटीचे भांडे

गेल्या वर्षी थोरल्या मुलीच्या परीक्षेसाठी पुण्याला जाणे झाले. पेपरानंतर अर्धा दिवस हाताशी होता, म्हणून डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहायला गेलो. तिथे इनामगावच्या उत्खननात निघालेली भांडी आहेत. इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा आपल्या सोलापूर जिल्ह्यातून वाहते. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे राहणारी माणसे एका अर्थाने आपल्याच पाण्यावरची.

भांडी चाकावर घडवलेली, तांबडी, वर काळ्या रंगाने त्रिकोण आणि रेघोट्या. त्यांत एक तोटीचे भांडे होते. तोटी पाहताच मला आजी आठवली. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना दोर टाकता येत नसे. कुणाला दया आली तर तो वरून धार सोडी, खाली ओंजळ धरायची. पुढे आजी सोलापूरला गिरणीच्या चाळीत आली, दारात नळ आला, पण सवय गेली नाही. आईने पेला पुढे केला तरी ती तो तोंडाला लावत नसे, "ओत गं बाई" म्हणून ओंजळ पुढे करी. म्हणून वाटले, ही तोटीही असल्याच कामाची असणार. भांड्याला विटाळ होऊ नये म्हणून.

मला राग आला. बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडके असे. मडक्याशी आपले नाते असले! त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले.

मुलगी मात्र माहिती वाचत होती. इनामगावात लहान मूल गेले की त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवीत, मूल आत. शेजारी वाडगे आणि हे तोटीचे भांडे.

"मम्मी, बाळाला तहान लागेल म्हणून का गं?"

मला बोलता आले नाही.

ग्रीक लोकांचाही असा चित्रांचा पाण्याचा घडा होता, हिद्रिया. त्याला तीन कान, दोन उचलायला, एक ओतायला. तथागतांच्या काळाच्या आसपास अथेन्सच्या कुंभारांनी त्यावर पाणवठ्यावरच्या बायका चितारल्या. रिकामा घडा डोक्यावर आडवा, भरलेला उभा. आपल्याकडे नळावर निघालेल्या बाया पाहा, फारसा फरक नाही. पुढे त्या लोकांनीही अशा घड्यांत मेलेल्यांची राख ठेवली.

परतताना गाडीत मुलीने बाटली तोंडाला लावली, अर्धी प्यायली आणि उरलेली माझ्या हातात दिली. मी तशीच तोंडाला लावली.