दाद आणि नमस्कार

साथीला बसणाऱ्याला गायक दोनदा भेटतो, आधी ग्रीनरूममध्ये आणि मग मंचावर. श्रोत्यांच्या वाट्याला दुसरी भेट तेवढी येते. मी पेटी वाजवतो, त्यामुळे बिदागीवरून आयोजकाला घाम फोडणारा, चहा गार झाला म्हणून पोराला फैलावर घेणारा गृहस्थ मी पाहिलेला असतो. थोड्या वेळाने तानपुरे जुळतात, तो पहिला षड्ज लावतो आणि मघाचं सगळं विसरायला लावतो. ‘माणूस कसाही असो, गाणं बघा’ हे वाक्य मला म्हणूनच सहज उच्चारता येत नाही. त्याच्या उलट, ‘असल्याचं गाणं ऐकायचंच कशाला’ हेही मला पटत नाही, कारण मी ते हातभराच्या अंतरावरून ऐकलेलं असतं.

बदनामीशी आम्हा पेटीवाल्यांची ओळख जुनी आहे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीच बंद केली. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. आरोप असा की पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर ठरीव, आपल्या श्रुतींशी त्यांचं जुळत नाही. आरोप झोंबतो, पण खोटा नाही. मींडेच्या जागी आम्ही लगतच्या पट्ट्यांवरून बोट सरकवतो, भाता हलका करतो, कानाची समजूत घालतो. तरीही ते भांडण सुराचं होतं आणि पेटीवाल्यांना त्याला सुरानेच उत्तर देता आलं.

त्याच रेडिओने लावलेली दुसरी चाळणी निराळी होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळत होते. ज्यांचं खासगी आयुष्य चारचौघांत बदनाम आहे, अशांना कार्यक्रम द्यायचे नाहीत, असं तेव्हा ठरलं. नियम सगळ्यांसाठी, बडगा मात्र बसला कोठ्यांवर गाणाऱ्या बायकांवर. ठुमरी-दादरा ज्यांच्या गळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला, त्याच दाराबाहेर. नावांमागची ‘बाई’ आणि ‘जान’ जाऊन ‘देवी’ आणि ‘बेगम’ आली. अख्तरीबाई फैजाबादींनी 1945 मध्ये एका बॅरिस्टरशी लग्न केलं, काही वर्षं गाणं बंद ठेवलं आणि 1949 मध्ये लखनौ रेडिओवरून त्या पुन्हा गायल्या. जग त्यांना बेगम अख्तर म्हणून ओळखू लागलं. गळा तोच होता. त्याला आता घरंदाजपणाची सोबत होती.

हीच चाळणी आपल्याकडे काटेकोर लावली असती, तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचं काय झालं असतं? दोघी गोव्याच्या कलावंत समाजातल्या, दोघींना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम. त्यांना वगळून जयपूर-अत्रौली गायकीचा इतिहास लिहायला बसावं आणि किती पानं उरतात ते पाहावं. केसरबाईंच्या करारी, फटकळ स्वभावाच्या गोष्टी अजून मैफलींनंतर रंगतात. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी अवकाशात गेली, तिला स्वभावाचा दाखला जोडलेला नाही. जन्म, लग्न, दारू, तिखट जीभ यांवरून उठलेली आवई गाण्याच्या पासंगाला टाकू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पण सगळी बदनामी एका जातीची नसते. कुणाच्या जन्मावर समाजाने मारलेला शिक्का वेगळा आणि कुणी दुसऱ्या जिवाला दिलेला त्रास वेगळा. 2018 मध्ये चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने छळाचे आरोप झालेल्या सात कलाकारांना डिसेंबरच्या महोत्सवातून वगळलं. तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांनी ‘आता सुरांनाही चारित्र्याचा दाखला लागणार’ अशी कुरकुर केली. रेडिओची चाळणी आणि हा निर्णय त्यांना एकसारखाच वाटला. मला तसा वाटला नाही. रेडिओने बायकांना त्या कोण आहेत यावरून अडवलं होतं. इथे कुणी काय केलं, असा प्रश्न होता.

एका संध्याकाळी मी मारव्याला साथ करत होतो. गायक मोठे. मंचावर येण्याआधी त्यांनी तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्येला सगळ्यांदेखत असं काही सुनावलं होतं की ते इथे लिहवत नाही. मारव्यात पेटीवाल्याची कसोटी असते. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये गायक लोंबकळत राहतो, षड्ज मुद्दाम टाळतो. आपलं बोट तिथे आधी पडलं, तर त्याने बांधत आणलेला ताण फुकट. मी हात आवरून बसलो होतो. बऱ्याच वेळाने ते निषाद-रिषभावरून असे काही षड्जावर उतरले की माझ्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. मागे त्या मुलीचीही मान हलली. मैफल संपल्यावर तिला वाकून त्यांच्या पायांना हात लावावा लागला.

मान हलली ती आपोआप. दाद अशीच असते, ती माणसाची चौकशी करून येत नाही. तशी चौकशी करून दिलेली दाद खोटीच म्हणायची. नमस्काराचं तसं नाही. तो माणसाला असतो. आपल्या परंपरेने मात्र दोन्ही एकाच गाठीत बांधले. गुरूचं नाव घेताना कानाला हात जातो, तेव्हा तो मारव्यासाठी जातो की माणसासाठी, हे आपण वेगळं करत नाही. असल्या माणसांचं फावतं ते इथेच. त्रास झालेल्या शिष्येने तोंड उघडलं, तर सगळे तिला त्यांचा मारवा ऐकवतात.

म्हणून ध्वनिमुद्रणं मी ऐकतो, विद्यार्थ्यांना ऐकवतो, षड्ज कसा लांबवलाय ते दाखवतो. वाईट माणसाचा चांगला मारवा लपवून कुणाचं भलं व्हायचं नाही. पण पुरस्कार, महोत्सवातली मानाची जागा, गुरुपद हे सुराचे हक्क नव्हेत. ते माणसाच्या हाती जातात, त्याला शिष्यांवर सत्ता देतात, तेव्हा त्याचं वागणं पाहूनच द्यावेत. ज्यांच्याकडे ओळखीतली मुलगी शिकायला पाठवणार नाही, त्यांच्या साथीला मी आता बसत नाही. बिदागी जाते, चार आयोजक तुटतात.

परवा एका विद्यार्थिनीने अशाच एका नावाबद्दल विचारलं, “काका, यांच्याकडे गंडा बांधू का?” मी म्हटलं, “रेकॉर्डिंगं हवी तेवढी ऐक, घोटून घे. पण तालमीला घरी जायचं असेल, तर आधी त्यांच्या शिष्यांना भेट. टिकलेत त्यांना नंतर, सोडून गेलेत त्यांना आधी.”