बीएलक्यू म्हणजे पास का नापास?

नामपूरच्या बसस्टँडजवळ एका दुकानाच्या माडीवर स्पोकन इंग्लिशचा क्लास भरतो. तिथे वयाने सगळ्यांत मोठी मी. बाकीची पोरं बँकेच्या परीक्षा, पुण्यातली कंपनी असली कारणं घेऊन आलेली. माझं कारण साधं. मुलगी इंग्लिश मीडियमला आहे आणि पालकसभेत ‘येस मॅडम’च्या पुढे माझी गाडी जात नाही.

सरांची रीत अशी, की दर आठवड्याला एक विषय घ्यायचा आणि त्यातले शब्द पाठ करायचे. प्रवास झाला, हवामान झालं, मग कागद आला ‘पेस्टिसाइड्स अँड फूड सेफ्टी’. मी खूश. आमच्याकडे डाळिंब आणि कांदा, माहेर निफाडकडचं, तिथे द्राक्षबाग. डोस, ब्लोअर, सिस्टिमिक, फंगीसाईड, सॅम्पल हे शब्द माझ्या सासूबाईही बोलतात, आणि त्यांना अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नाही. म्हटलं, हा कागद आपलाच.

कागदावर ‘माइट’ होतं. सर म्हणाले, "माइट म्हणजे शक्यता. इट माइट रेन." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "सर, माइट म्हणजे लाल कोळी. पानाच्या मागच्या बाजूला असतो." सर म्हणाले, "कोळी म्हणजे स्पायडर." मग मोबाईल निघाले. स्पेलिंग वेगळं निघालं, सर मोकळेपणाने हसले आणि या कागदापुरतं काही अडलं की मलाच विचारू लागले. तिथून माझी पंचाईत सुरू झाली. शब्द तोंडात होते, पण ते नेमकं काय सांगतात ते मला कुठे ठाऊक होतं?

घरी येऊन शेडमधल्या औषधाच्या बाटल्या ओळीने मांडल्या. प्रत्येक लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. खालचा अर्धा रंगीत, वरच्या अर्ध्यात शब्द. लाल रंगावर कवटी आणि ‘पॉयझन’. पिवळ्यावर ‘पॉयझन’, पण कवटी नाही. निळ्यावर ‘डेंजर’ आणि हिरव्यावर ‘कॉशन’. आता विजेच्या डीपीवर कवटीच्या शेजारी ‘डेंजर’ वाचत आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे डेंजर सगळ्यांत वरचं असणार असं मी धरून चालले होते. इथे ते खालून दुसरं! सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय वाची राहिनी वं?" मी हिरवा चौकोन दाखवला. त्यांनी बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका ओळखीचा करून घेतलेला आहे, त्यामुळे हे औषध उपासालाही चालेल अशा चेहऱ्याने त्यांनी मान डोलावली. हिरवा म्हणजे विष नाही असं नसून, चारांत सगळ्यांत कमी विषारी एवढंच, हे त्यांना समजावताना माझंच इंग्रजी पक्कं झालं.

तेवढ्यात धाकट्या भावाने व्हॉट्सॲपवर एक रिपोर्ट पाठवला. "ताई, तू क्लासला जातेस ना, बघ गं जरा." युरोपला जायच्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळात औषधाचा किती अंश उरला त्याचा. त्याचा प्लॉट निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंदलेला आहे. काढणीच्या आधी लॅबची माणसं येऊन बागेतून सॅम्पल नेतात आणि पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्रात जी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिची या सगळ्या लॅबवर नजर असते. रिपोर्ट पानांमागून पानं चालला होता. शेकडो रसायनांची नावं आणि समोर तीच ती अक्षरं, बीएलक्यू, बीएलक्यू, बीएलक्यू. मी भावाला फोन केला, "अरे, हे पास का नापास?" तो म्हणाला, "तेच तर तुला विचारतोय!"

सरांनाही आलं नाही. शेवटी शोधून शोधून कळलं ते असं. मशीनला एका मर्यादेखालचं मोजता येत नाही, आणि बीएलक्यू म्हणजे त्या मर्यादेच्या खाली. पास म्हणायला हरकत नाही. पण शून्य म्हणता येत नाही. बऱ्याच रसायनांसाठी युरोपची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, तिला एमआरएल म्हणतात. मी वहीत हिशेब मांडला, तर शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. पुन्हा मांडला, तरी तेच उत्तर. कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढवून क्विंटलात विचार करणाऱ्या माणसाने हे डोळ्यांसमोर आणायचं तरी कसं?

या बारीक आकड्यांनी २०१० साली नाशिकची कंबर मोडली होती. तेव्हा माहेरी ‘सीसीसी’ हा शब्द मी रोज ऐकायचे आणि ते कुठल्या तरी सरकारी खात्याचं नाव असावं असं समजायचे. क्लोरमेक्वाट क्लोराईड, हे त्याचं पूर्ण नाव मला आत्ता या कागदांच्या नादात कळलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची शेंडावाढ रोखायला ते मारायचे. युरोपची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. म्हणजे रिपोर्ट चांगले, कागद चोख, आणि माल समुद्रापलीकडे पोचल्यावर तिथल्या लॅबने पकडला. कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे पैसे बुडाले. यादीत नाव नसेल तर बीएलक्यूसुद्धा येत नाही, काहीच येत नाही. माझ्या मते या अख्ख्या विषयातली सगळ्यांत घाबरवणारी गोष्ट हीच.

भावाला विचारलं, "विहिरीकडच्या प्लॉटचा रिपोर्ट कुठाय?"

"तो लोकलला जातो ताई. त्याचा कशाला रिपोर्ट?"

मर्यादा आपल्याकडेही ठरवलेल्या आहेत, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. पण लोकलच्या क्रेटबरोबर असा कागद गेलेला मी तरी आजवर पाहिला नाही. रॉटरडॅमची बाई खाते त्या घडाची शेकडो नावांनी झडती होते, आणि मुलीच्या डब्यात मी देते त्याची झडती म्हणजे नळाखाली धरणं. त्यातही सिस्टिमिक औषध झाडाच्या आत भिनलेलं असतं, ते नळाने जात नाही, हे मला सरांच्या कागदानेच शिकवलं. कधीकधी वाटतं, नसतं शिकले तर बरं झालं असतं.

परवा डाळिंबावर फुलकिडे दिसले म्हणून यांच्याबरोबर मीही औषधाच्या दुकानात गेले. बाटलीला चिकटवलेल्या माहितीपत्रकाची घडी उलगडली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. पिकाचं नाव, कीड, डोस, पाणी, आणि शेवटच्या रकान्यात वेटिंग पिरियड, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते. कापूस होता. मिरची होती. कोबी होता. डाळिंब नव्हतंच.

"दादा, यात आमचं पीकच नाही. मग दिवस किती धरायचे?"

दुकानदार आधी यांच्याकडे बघून हसला. "वहिनी, आपला अख्खा कसमादे पट्टा हेच मारतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "माल बाहेर जाणारे का?"

"नाही, नाशिक मार्केटला."

"मग झालं की," म्हणाला आणि बिलबुक पुढे ओढलं.

मी म्हटलं, "ज्यावर डाळिंबाचं नाव छापलंय असं काही आहे का, ते दाखवा." हे माझ्याकडे बघत राहिले. दुकानदार उठला, मागच्या फळीवरच्या बाटल्या एकेक खाली घेऊन लेबलं वाचायला लागला, आणि तिसऱ्या बाटलीला चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "हे तुम्हीच वाचा वहिनी. अक्षरं फार बारीक आहेत."